पेटीआधी पक्कड

नव्या घराच्या वास्तुशांतीला हल्ली एक भेट हमखास येते : शंभर नगांची हत्यारपेटी. उघडली की बघत राहावंसं वाटतं. प्रत्येक वस्तूला तिचा साचा, चढत्या भाजणीने लावलेले सॉकेट, बोटभर बिटांची पलटण, एक हातोडी, एक पक्कड. यजमान ती कौतुकाने माळ्यावर ठेवतात. पुढे केव्हातरी बेसिनखालच्या कनेक्शन पाइपचा नट ठिबकायला लागतो आणि पेटी खाली उतरते. तेव्हा कळतं की यातला एकही सॉकेट त्या नटावर चढत नाही. सॉकेट बसतो वरून, आणि या नटाच्या तर पोटातूनच पाइप गेलेला. पक्कड लावावी तर ती घसरते आणि चकचकीत क्रोमवर ओरखडे उठतात. शेवटी प्लंबर येतो, झोळीतून एक स्क्रू पाना काढतो, पाव फेरा आवळतो आणि पैसे घेऊन जातो.

त्या झोळीत शंभर नग कधीच नसतात. प्लंबरकडे दोन पाने, एक्सा ब्लेड, टेफ्लॉन टेपची गुंडाळी. वायरमनच्या वरच्या खिशात टेस्टर, कमरेला पक्कड. सुताराची गोणपाटाची पिशवी उलटी केली तरी पंधरा-वीस वस्तूंवर जात नाही. रोज हत्यारांवर पोट असलेली माणसं इतकी कमी हत्यारं बाळगतात, आणि वर्षातून चार वेळा स्क्रू आवळणाऱ्यांना मात्र शंभर नगांची पेटी लागते! पेटी विकायला सोयीची असते, एवढाच तिचा गुण. हत्यार घर बघून घ्यावं लागतं : आपली भिंत कसली, नळ कसले, बोर्ड कसले, आणि आपला हात केवढा.

बाजार काय विचारतो

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, विजेच्या सामानासाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ. इथे माल ऑनलाइनपेक्षा स्वस्त मिळेलच असं नाही, पण दोन गोष्टी फुकट मिळतात. वस्तू हातात धरून बघता येते, आणि काउंटरमागचा माणूस प्रश्न विचारतो. ‘ड्रिलचं बिट द्या’ म्हटलं की तो डबा उघडण्याआधी विचारणार : काँक्रीट, लाकूड की लोखंड? ‘रावल प्लग द्या’ म्हटलं की विचारणार : लटकवायचं काय आहे? मोबाइलवर खरेदी करताना हे प्रश्न कुणी विचारत नाही आणि तिथेच पैसे वाया जातात.

या गल्ल्यांमध्ये अजून सुताचा हिशेब चालतो. आठ सूत म्हणजे एक इंच. घरात काम करायला आलेला मिस्त्री ‘दोन सुताचं भोक’ म्हणाला तर ते पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या किंचित वर. कारखाने मिलिमीटरमध्ये गेले, नळ इंचात राहिले, मिस्त्री सुतात. त्यामुळे टेप घ्यायचा तो दोन्ही मापं छापलेलाच.

हत्यारांचं कूळही बघावं. आपल्याकडच्या पकडी, पाने, हातोड्या बहुतांशी पंजाबातल्या जालंधर आणि राजस्थानातल्या नागौर या गावांतून येतात. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या टपारियाचं नाव तर दुकानात पक्कड मागताना मालाच्या जागीच घेतलं जातं. नाव कुठलंही असो, पोलादावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेलं आहे का ते बघायचं, पकडीचे जबडे मिटून उजेडाकडे धरायचे आणि वायर कापायच्या धारेतून फट दिसते का ते तपासायचं. फट दिसली तर ती पक्कड तार तोडणार नाही, चावत बसेल.

आधी भिंत ओळखा

नव्या घरमालकाचं पहिलं काम बहुधा भिंतीचंच असतं : पडद्याचा रॉड, देव्हारा, टीव्ही, आजोबांचा फोटो. आणि पहिली फजितीही तिथेच होते, कारण आज एकाच शहरात तीन प्रकारच्या भिंती उभ्या आहेत.

जुन्या इमारतींत लाल विटा. सात-आठ वर्षांपूर्वीच्या किंवा त्यानंतरच्या बऱ्याच संकुलांत हलके राखाडी ठोकळे, ज्यांना एएसी ब्लॉक म्हणतात. मूळ शोध स्वीडनचा. पुण्यात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगसमूहाने ते ‘सिपोरेक्स’ नावाने बनवले, आणि तेव्हापासून कुठल्याही कंपनीचा ठोकळा आला तरी साइटवर त्याला सिपोरेक्सच म्हणतात. तिसरी भिंत मायव्हनची. अॅल्युमिनियमचे साचे उभे करून स्लॅब आणि भिंती एकदमच ओततात, म्हणजे दिवाणखान्याची भिंतसुद्धा सळ्यांसकट काँक्रीट.

भिंतीवर रंग असला तरी ती ओळखता येते. कपाटामागे किंवा पडद्याच्या वर, कुणाला दिसणार नाही अशा जागी एक लहान भोक पाडा आणि भुकटी बघा. प्लॅस्टर ओलांडल्यावर लाल भुकटी आली तर वीट. पांढुरकी, पिठासारखी मऊ भुकटी आणि बिट लोण्यात शिरावं तसं आत गेलं तर सिपोरेक्स. बिट बोटभरही न जाता नुसतं किंचाळायला लागलं आणि करडी धूळ चिमूटभर आली तर काँक्रीट.

या उत्तरावर पुढची खरेदी ठरते. विटेला पाचशे-सहाशे वॉटचं, हॅमरचं बटण असलेलं साधं ड्रिल पुरतं. सिपोरेक्सला तेच ड्रिल, पण हॅमर बंद ठेवून. ठोके दिले की भोक सैल होतं आणि प्लग आत नुसता फिरत राहतो. शिवाय या भिंतीला आखूड प्लग चालत नाही. लांब नायलॉनचा, किंवा खास एएसीसाठी मिळतो तो घ्यायचा. मायव्हनच्या भिंतीपुढे घरगुती ड्रिल हात टेकतं. तिथे रोटरी हॅमर लागतो. तो विकत घेण्यात अर्थ नाही. एका दिवसाला भाड्याने आणा, किंवा सगळ्या भोकांच्या जागा पेन्सिलीने आखून ठेवा आणि माणूस एकदाच बोलवा.

प्लगविषयी आणखी थोडं. सुतार ज्याला गिट्टी म्हणतात ती पूर्वी लाकडाची असायची. भिंतीत ठोकायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा. नायलॉनचा, स्क्रू आत गेला की फाकणारा प्लग जर्मनीत आर्टुर फिशर यांनी १९५८ साली आणला आणि जगभरच्या भिंतींचा प्रश्न सोडवला. नियम सोपा आहे : सहाचं बिट, सहाचा प्लग, आणि प्लगवर लिहिलेल्या जाडीचा स्क्रू. यातली एक कडी जरी बदलली तरी शेल्फ सहा महिन्यांनी मान टाकतं.

भोक पाडण्याआधी बोर्ड कुठे आहे ते बघा. स्विचबोर्डाच्या वायरी बहुतेक करून सरळ वर छताकडे गेलेल्या असतात, म्हणून बोर्डाच्या बरोबर वरची आणि खालची पट्टी वर्ज्य. बाथरूममध्ये मिक्सर आणि गिझर यांच्यामधली भिंत वर्ज्य, कारण तिथून पाइप जातात. घर अजून तयार होत असेल तर प्लॅस्टर आणि टाइल्स लागण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. छतात भोक पाडायची वेळ आली तर आधी सोसायटीला विचारा. काही उंच इमारतींच्या स्लॅबमध्ये ताण दिलेल्या पोलादी तारा असतात आणि त्यांना बिट लागणं ही किरकोळ गोष्ट नाही.

पाण्याची हत्यारं

पाण्याच्या कामात पहिलं हत्यार दुकानात मिळत नाही. ते म्हणजे आपल्या घराचा मुख्य कॉक कुठे आहे याची माहिती. बाथरूमच्या माळ्यावर, डक्टमध्ये, गच्चीवर की टाकीपाशी? घरातल्या प्रत्येकाने तो एकदा स्वतः बंद करून उघडावा. नळाचा भाग हातात आल्यावर शोधाशोध करण्यात घर भिजतं. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी फिरत नाही, म्हणून सहा महिन्यांनी एकदा तो चालवून बघावा. बेसिनखालचे, कमोडजवळचे अँगल कॉकही तसेच.

त्यानंतर एक दहा इंची स्क्रू पाना. जबडा सरकवून हवा तेवढा उघडणारा, आत दात नसलेला. दातांचा पाइप पाना लोखंडी पाइपासाठी. तो क्रोमच्या नळाला लावला की नळ विद्रूप झालाच. स्क्रू पाना लावतानाही मध्ये जुन्या सुती कापडाचा तुकडा धरावा. पाना फिरवायचा तो असा की ओढ जबड्याच्या पक्क्या बाजूवर पडेल, सरकत्या बाजूवर नाही. सरकत्या बाजूवर जोर दिला की जबडा ढिला होतो आणि नटाचे कोपरे गोल होतात.

टेफ्लॉन टेप स्वस्त असते आणि बहुतेक घरांत उलटी गुंडाळली जाते. आट्याचं तोंड आपल्याकडे धरावं आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताण देत गुंडाळावी. मग नळ आवळताना ती आट्यांत रुतत जाते. उलटी गुंडाळली तर आवळतानाच सुटून बाहेर येते. आणि जिथे रबरी वायसर आहे त्या जोडाला टेप लागत नाही. तिथे वायसर बदलायचा असतो.

आता नळ कसला ते बघा. फिरवून फिरवून बंद होणारा जुना नळ ठिबकत असेल तर आतला वायसर गेलेला असतो. पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात मात्र सिरॅमिक चकत्यांची कार्ट्रिज असते. तिला वायसर नसतो, अख्खी कार्ट्रिजच बदलावी लागते आणि ती त्याच कंपनीची लागते. म्हणून ताबा घेताना नळांच्या कंपनीचं नाव आणि मॉडेल लिहून घ्यावं.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या उपनगरांत सर्वाधिक तक्रार येते ती ‘नळाला जोर नाही’ अशी. बहुतेक वेळा दोष नळाच्या तोंडाशी बसवलेल्या जाळीचा असतो. क्षार आणि वाळूचे कण तिच्यात अडकतात. कापड धरून जाळी हाताने फिरवा, काढा, वाटीभर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा. याला एकही हत्यार लागत नाही.

विजेची रेघ

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. या कामात कुठपर्यंत जायचं ही रेघ कायद्याने आखून दिली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि २५० व्होल्टपर्यंतची घरगुती उपकरणं बदलता येतात, तीही जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. त्यापलीकडचं काम परवानाधारक कंत्राटदाराचं. म्हणजे खराब झालेला सहा अँपिअरचा स्विच बदलून तसाच स्विच लावणं रेघेच्या अलीकडे. सहाच्या जागी सोळाचं सॉकेट लावून त्यावर गिझर चालवणं रेघेच्या पलीकडे, कारण भिंतीतली वायर पातळ आहे आणि ती तापणार.

इथलं मुख्य हत्यार टेस्टर, आणि त्याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल नसेल. टेस्टरच्या दांड्यात एक छोटा निऑनचा दिवा आणि मोठा अवरोध असतो. टोक फेजला लावून आपण मागच्या टोपीवर बोट ठेवतो तेव्हा अगदी सूक्ष्म प्रवाह आपल्या अंगातून जमिनीकडे जातो आणि दिवा लागतो. म्हणूनच कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर फेज जिवंत असूनही तो मिणमिणतो किंवा लागतच नाही. दिवा लागला नाही याचा अर्थ वीज नाही, असं समजायचं नसतं. आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर तपासा, मग कामाच्या जागी लावा, आणि हात घालण्याआधी एमसीबी खाली पाडा. टेस्टरने स्क्रू पिळू नये. तो त्यासाठी बनलेला नाही, आतला अवरोध फुटला तर पुढच्या वेळी बोट टोपीवर ठेवणाऱ्याची खैर नाही.

पकडीच्या मुठीवर रंगीत प्लास्टिक असलं म्हणजे ती विजेच्या कामाची झाली असं नाही. ज्या मुठीवर १००० व्होल्टची खूण छापलेली असते तीच इन्सुलेटेड. बाकीचं प्लास्टिक हाताला मऊ लागण्यासाठी.

मुख्य बोर्डात एमसीबींच्या शेजारी ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असलेला एक स्विच दिसतो, तो आरसीसीबी. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की तो वीज तोडतो. घरातल्या माणसासाठी असलेलं हे संरक्षण. महिन्या-दोन महिन्यांनी ते बटण दाबून बघावं. खटका पडला नाही तर त्याच दिवशी वायरमन बोलवावा. नव्या घरात हे बटण पहिल्या दिवशीच दाबावं.

मग हातात काय हवं

एवढं कळल्यावर यादी आपोआप आखूड होते. पाच मीटरचा मेझर टेप. दोन नंबरच्या फुलीचा एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, एक चपटा, एक बारीक फुलीचा. आठ इंची पक्कड. दहा इंची स्क्रू पाना. मध्यम वजनाची हातोडी. एलन चाव्यांचा एक संच. छोटी लेव्हल. कटर. टेस्टर. कपाळावर बांधायची बॅटरी, कारण बेसिनखाली दोन्ही हात अडकलेले असतात. टेफ्लॉन टेप, इन्सुलेशन टेप, एम-सील, सिलिकॉनची एक नळी. ब्रँडनुसार मागेपुढे होईल, पण हे सगळं साधारण दोन-अडीच हजारांत बसतं. उंचीवरच्या कामाला घडीची अॅल्युमिनियमची शिडी लागते; तिचा खर्च वेगळा, आणि तो वाचवायचा नाही. खुर्चीवर स्टूल ठेवून पंखा पुसणाऱ्यांना दवाखान्याचं बिल जास्त पडतं.

यात पैसे कुठे घालावेत? स्क्रू ड्रायव्हरवर. फुलीच्या स्क्रूचा प्रसार अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात केला. त्या फुलीचे कोन उतरते असतात, त्यामुळे जोर वाढला की टोक बाहेर सरकू बघतं. मऊ लोखंडाचं टोक दोनदा सरकलं की झिजतं, आणि तिसऱ्या वेळी स्क्रूचं डोकं खातं. मग बिजागरीचा तो स्क्रू निघतही नाही, आवळतही नाही. शंभर नगांच्या पेटीतली बिटं बहुधा इथेच दगा देतात. दोन नंबरच्या फुलीचा एकच, पण कडक पोलादाचा ड्रायव्हर घ्या; बिजागऱ्या, कड्या, पडद्याचे ब्रॅकेट, बोर्डांच्या पट्ट्या, घरातले बहुतेक स्क्रू त्याच मापाचे निघतात.

टेपच्या टोकाचा आकडा किंचित हलतो म्हणून कितीतरी लोक दुकानात तो परत करतात. काही जण तर घरी हातोडीने ठोकून घट्ट करतात. तो मुद्दाम हलता ठेवलेला असतो. आकड्याच्या पत्र्याला स्वतःची जाडी आहे. टेबलाच्या कडेला अडकवून मोजताना आकडा बाहेर ओढला जातो, खिडकीच्या चौकटीत टेकवून मोजताना आत ढकलला जातो, आणि दोन्ही वेळा त्या जाडीएवढाच सरकून माप बिनचूक देतो. तो ठोकून पक्का केला की खिडकीची जाळी मिलिमीटरभर चुकून येते. लेव्हलची परीक्षा त्याहून सोपी : टेबलावर ठेवून बुडबुडा बघा, मग तीच लेव्हल त्याच जागी उलट तोंडाने ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच जागी आला तर लेव्हल खरी, मग टेबल तिरकं असलं तरी चालेल.

हत्यार कुणाच्या हातात जाणार हेही बघावं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. घरं बायकांच्या नावावर होताहेत, हत्यारं मात्र अजून पुरुषी पंजाच्या मापाने घेतली जातात. लहान हाताला आठ इंची पकडीची मूठ मोठी पडते. तिथे सहा इंची घ्यावी. हातोडी उचलून मनगट सैल ठेवून दोनदा हलवून बघावी. मनगट खाली पडत असेल तर ती जड आहे. ज्याच्या हातात बसते त्याच्याच हातून वापरली जाते.

बिल्डरचं काम आपण करू नये

नव्या घरमालकाने काही कामांत मात्र हत्यारं म्यान करून ठेवावीत. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कारागिरीत किंवा सेवांत दोष आढळला आणि तो कळवला, तर ३० दिवसांच्या आत पदरचे पैसे घालून दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. बाथरूमच्या खालच्या फ्लॅटमध्ये ओल उतरते, खिडकीच्या कडेने पाऊस आत येतो, टाइल पोकळ वाजते, ही कामं आपली नव्हेत. फोटो काढा, तारीख टाका, लेखी कळवा. उत्साहाने आपणच सिलिकॉन ओतलं, टाइल उचकटली, तर दोष कुणाचा हा वाद उभा राहतो आणि तो बहुधा आपल्यावरच शेकतो.

घर मोडक्या अवस्थेत नसतं, ते हळूहळू बसत असतं. पहिल्या पावसाळ्यात दारं फुगतात, स्क्रू सैल होतात, सिलिकॉन सुटतं. म्हणून वरची यादीसुद्धा एकदम आणायची गरज नाही. टेप, ड्रायव्हर, पक्कड, टेस्टर पहिल्या आठवड्यात. बाकीचं जे काम समोर येईल त्या कामासोबत, त्या दिवशी. ड्रिल सर्वांत शेवटी, शेजाऱ्याचं दोनदा मागून आणल्यावरही गरज उरली तर.

हत्यारं घरात आली म्हणून कारागीर लागायचे थांबत नाहीत. त्यांच्याशी होणारं बोलणं मात्र बदलतं. ‘किती घेणार?’ या एका प्रश्नाऐवजी ‘कार्ट्रिज बदलणार की नळ?’, ‘भिंत सिपोरेक्सची आहे, प्लग कुठला लावताय?’, ‘वायर किती स्क्वेअर एमएमची टाकणार?’ असं विचारता येतं. समोरचाही मग उडवाउडवी करत नाही. आणि मायव्हनच्या भिंतीत स्वतः अर्धा तास घाम गाळून एक भोक पाडलेला माणूस, सुताराने दहा भोकांचे सांगितलेले पैसे ऐकून घासाघीस करत नाही. खंडेनवमीला हत्यारांना हळद-कुंकू वाहणाऱ्या आपल्या समाजाने ती चालवणाऱ्या हातांचा भाव मात्र नेहमी पाडूनच मागितला. घरात चार हत्यारं असण्याचा खरा फायदा पैशांच्या बचतीत फारसा दिसणार नाही. तो त्या कामाची योग्य किंमत कळण्यात आहे.